सगळी खाती जोडली जातील

दुकानातले सगळे ईमेल एकत्र आणणारं सॉफ्टवेअर घेऊया, असं धाकटा म्हणाला आणि थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली.

दोघा भावांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. थोरला पुढच्या टेबलाशी बसायचा, धाकटा मागच्या खोलीत, स्प्रिंगा आणि वजनांच्या पसाऱ्यात. गिऱ्हाइकांच्या तक्रारी कधी याच्या मेलवर यायच्या, कधी त्याच्या, आणि निम्म्या दोघांच्या मधोमध गडप व्हायच्या. नवं सॉफ्टवेअर प्रत्येक मेल त्या त्या गिऱ्हाइकाच्या नावाखाली लावून ठेवणार होतं. कल्पना चांगली होती, आणि नेमकी म्हणूनच ती थोरल्याला खटकली. धाकट्याला आपणहून काही चांगलं सुचलं की कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्याचं ठाम मत होतं.

सॉफ्टवेअरसाठी काय काय लागेल याचा कागद कंपनीने पाठवला. तो थोरल्याने चष्मा पुसून वाचायला घेतला. संगणक नवे हवेत. म्हणजे माझा जुना बाद! दोन्ही संगणकांची भाषा एकच हवी, नाहीतर मेलचे कप्पे जुळत नाहीत. थोरल्याचा संगणक मायबोलीत, धाकट्याचा इंग्रजीत. म्हणजे बदलायचं मीच! शिवाय एक अ‍ॅडमिन हवा, ज्याला सगळ्यांचे मेल दिसतील. इथे त्याने कागद आपटला.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "माझे मेल वाचायचेत त्याला. गिऱ्हाइकं गोळा करणार आणि वेगळं दुकान थाटणार."

"अहो, त्यालाच विचारा ना एकदा सरळ."

"चोरालाच विचारू, चोरी केलीस का म्हणून?"

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: संगणकावरची सगळी खाती जोडली जातील. डोकं इतकं तापलं होतं की ती त्याने वाचलीच नाही.

सरळ विचारायचं सोडून या शहाण्याने गळ टाकला. आपल्या नव्या संगणकावर खोट्या नावाने एक खातं उघडलं, मोठमोठ्या गोदामांचा मालक असल्याचं सोंग घेतलं आणि धाकट्याला लिहिलं: तुम्ही वेगळं दुकान काढणार असाल तर आमचं सगळं काम तुम्हालाच.

उत्तर आलं नाही. धाकट्याने त्याबद्दल चकार शब्दही काढला नाही. नेहमीसारखा जेवला, नेहमीसारखी वहिनीची थट्टा केली. थोरल्याची खात्रीच पटली. मन साफ असतं तर धावत येऊन दाखवलं नसतं का? ज्याला हाताला धरून काटा जुळवायला शिकवलं, त्यानेच असं करावं! राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

जोडणीच्या दिवशी कंपनीची तंत्रज्ञ आली. दोन्ही संगणक मायबोलीतच पाहून थोरला चमकला. धाकट्याने गुपचूप आपल्याच संगणकाची भाषा बदलली होती.

"अ‍ॅडमिन कोण?" तिने विचारलं.

"दादा," धाकटा म्हणाला.

इतक्या सहज? थोरल्याला त्यातही डाव दिसला.

पडद्यावर गिऱ्हाइकांची नावं उतरू लागली. मध्येच गोदामवालाही उतरला.

"हे गिऱ्हाईक नाही, याच संगणकावरचं खातं आहे," तंत्रज्ञ म्हणाली. "ठेवू की काढू?"

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बायको खाली बघू लागली.

"ठेवा," धाकटा म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, दादा. 'कळावे, लोभ असावा' असं मेलच्या शेवटी तुझ्याशिवाय कोण लिहितं?"

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. म्हटलं, आज विचारशील, उद्या विचारशील. वेगळं व्हायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं रे."

"चुकलं माझं," थोरला म्हणाला. "शंभरदा चुकलं."

"असू दे. पण त्याला उत्तर द्यायचं राहिलंय," म्हणत धाकटा मागच्या खोलीत गेला. टाइप केल्याचा आवाज जरासाच आला. थोरल्याला वाटलं, काहीतरी खोडसाळ लिहील, दोघं हसू आणि विषय मिटेल.

गोदामवाल्याच्या नावाखाली नवा मेल उतरला: आपला प्रस्ताव मान्य आहे. पुढच्या महिन्यापासून मी वेगळं दुकान काढतो आहे.

थोरला मागे धावला. धाकटा जमिनीवर बसून हत्यारं निवडत होता, स्वतःची एका बाजूला आणि दादाची दुसऱ्या.