चौथ्या पानावरचा चेहरा

"ह्यो एकच फोटू हाय साहेब. नातीच्या लग्नातला."

भैरूने मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा साडेतीन वाजले होते. आमचा बातमीदार साईनाथ त्याला माझ्या टेबलापर्यंत घेऊन आला होता. भैरू वाघोलीचा. त्याची आई मथुराबाई, वय चौऱ्याहत्तर, आदल्या दिवशी सकाळी घरातून निघून गेली ती परत आलीच नव्हती. तिला अलीकडे काही आठवत नसे. आठवे ते फक्त माहेर, पानशेतच्या अंगाला कुठेतरी.

"वळखाया सोपी हाय," म्हणत भैरूने स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. "हितं भाजल्याचा डाग हाय बगा. तळणातलं त्याल उडालं हुतं. नाव इचारलं तर येकदा येक सांगंल, येकदा दुसरंच. डाग तेवढा खरा."

फोटोत म्हातारी बाजूच्या नवरीकडे बघत होती. मान वळलेली, त्यामुळे डाग स्पष्ट दिसत होता.

"आज संध्याकाळच्या डाक आवृत्तीतच घेतो," मी म्हणालो. "ती सगळ्यात आधी छापतात. पानशेत, वेल्ह्याला तीच जाते."

भैरूने हात जोडले. मला असं कोणी हात जोडले की काय करावं कळत नाही. मी स्क्रीनकडे वळलो.

मी पेपरात पानं लावतो. म्हणजे बातमी कुठे, फोटो केवढा, मथळा किती कॉलमी, हे ठरवून चौथं पान रोज उभं करतो. एकोणतीस वर्षं. लोकांना वाटतं पेपर आपोआप असा येतो, पाव भाजून यावा तसा. पान लावणाऱ्याबद्दल एक गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नसते. तो मजकूर वाचत नाही, मोजतो. 'बारा ओळी, एक फोटो' एवढंच त्याला दिसतं.

दुसरी गोष्ट रावसाहेबांनी शिकवली. मी लागलो तेव्हा पानं कात्री आणि डिंकाने चिकटवत, आणि त्या टेबलाचे राजे रावसाहेब. ते म्हणत, "चेहरा पानाबाहेर बघता कामा नये. तो बाहेर बघायला लागला की वाचकही त्याच्यामागे बाहेर जातो." म्हणून डाव्या कडेच्या कॉलमात डावीकडे बघणारा माणूस आला, की मी त्याचा फोटो उलटा करतो, आरशात दिसतो तसा. माणूस मुकाट्याने आत बघायला लागतो. नगरसेवक, प्राचार्य, दहावीत पहिली आलेली मुलगी, सगळ्यांना मी असंच वळवलं आहे. कधी कोणी तक्रार केली नाही. फार तर सदऱ्याचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो, आणि खिशाकडे बघतो कोण?

चौथ्या पानावर उजवीकडे खाली एका बिल्डरची जाहिरात होती. जाहिरात म्हणजे देव, ती हलत नाही. मथुराबाईंना डाव्या कडेचा कॉलम मिळाला. त्या डावीकडे बघत होत्या. माझा हात सवयीने चालला. साईनाथचा मजकूर आला, तो मी खाली ओतला. बारा ओळी. बरोबर बसल्या. साडेपाचला पान छपाईला सोडलं.

त्या आठवड्यात ऑफिसात कोणी मोठ्याने शिंकतही नव्हतं. पुढच्या महिन्यापासून पानं संगणकातल्या तयार साच्यात आपोआप बसणार होती आणि आम्हा पाच जणांतले दोघेच राहणार होते. राहणाऱ्यांची यादी सोमवारी लागणार होती. तो गुरुवार होता. माझं वय सत्तावन्न, आणि जमेच्या बाजूला एकच गोष्ट: माझ्या चुकीमुळे मशीन कधीही थांबलं नव्हतं.

पान सोडल्यावर मी तोंड धुवायला गेलो. बेसिनवरच्या आरशात बघितलं. आरशातल्या माणसाचं पेन उजव्या बाजूच्या खिशात दिसत होतं. रोजच दिसतं. पण त्या दिवशी पेनाच्या जागी मला भैरूचं बोट दिसलं.

ओल्या तोंडानेच टेबलाशी आलो आणि पान उघडलं. पहिल्यांदाच मजकूर वाचला. सातवी ओळ: 'डाव्या गालावर भाजल्याची ठळक खूण.' वर फोटोत खूण उजव्या गालावर.

"काय झालं दत्ताकाका?" शेजारच्या चैतालीने विचारलं. आमच्यात सगळ्यात लहान ती. सव्वीस वर्षांची, कामाला चोख. यादीत तिचं नाव असणार हे सगळे धरून चालले होते.

मी नुसतं बोट दाखवलं. तिने वाचलं, फोटो बघितला आणि आवाज खाली आणला. "काका, सिटी एडिशन रात्री जाते ना. त्यात गुपचूप चेंज करा. कोणाला कळणारपण नाही."

खोटं कशाला बोलू, मलाही आधी तेच सुचलं होतं. डाक आवृत्ती बघतो कोण? पण बघणार ते पानशेतकडचेच. आणि म्हातारीचे पाय वळणार ते पानशेतकडेच. तिथला एखादा चहावाला पेपर हातात धरून तिच्याकडे बघेल, डाग भलत्याच गालावर दिसेल, आणि म्हणेल, ही ती नव्हे.

मी छापखान्यात फोन लावला. तिथले हिंमतराव जुने दोस्त.

"चौथं पान मशीनवर चढलं का?"

"कधीच. सव्वासहाला मशीन सुरू."

घड्याळात सहाला पाच कमी होती.

"थांबवता येईल?"

हिंमतराव म्हणाले, "दत्ता, शुद्धीवर आहेस ना? मॅडमची सही लागेल. आणि कारणाचा कागद. या आठवड्यात?"

संपादक प्रियदर्शनी मॅडम केबिनमध्ये उभ्यानेच डबा खात होत्या. सकाळचा डबा त्यांना बहुधा संध्याकाळीच मिळे. मी पानाची प्रिंट पुढे ठेवली आणि सांगितलं.

"म्हणजे बाईचा गाल तुम्ही बदललात," त्या म्हणाल्या.

"हो."

"का?"

"तिने आत बघावं म्हणून."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "वा. बाई हरवली आहे, आणि आपण तिची नजर दुरुस्त करतोय." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मशीन थांबलं तर डाकेच्या गाड्यांना अर्धा तास उशीर होईल. वरून फोन मला येणार. वाचकाच्या हे लक्षात येईल?"

"नाही येणार."

"मग?"

"बाईच्या बाबतीत तेवढी एकच गोष्ट खात्रीची आहे, मॅडम. आणि आपण तीच खोटी छापतोय."

मला वाटलं, हाकलतात आता. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. 'यंत्र थांबवण्याचे कारण' ही ओळ भरली आणि पुढच्या ओळीवर पेन अडलं. 'जबाबदार व्यक्ती.'

"इथे 'तांत्रिक' लिहिता येतं," त्या कागदाकडे बघतच म्हणाल्या. "बरेच जण लिहितात."

माझं मोठं मन वगैरे काही नव्हतं. नोकरी जाईल याची भीती वाटत होती आणि 'तांत्रिक' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तांत्रिक काय होतं त्यात? यंत्राने काहीच केलं नव्हतं.

"माझं नाव लिहा," मी म्हणालो. "पूर्ण लिहा."

सहा वाजून नऊ मिनिटांनी सही झाली. मी पळत टेबलाशी आलो. सत्तावन्नाव्या वर्षी पळणं म्हणजे बाकीच्यांनी उठून बघण्यासारखी गोष्ट. फोटो सुलटा केला. पान नव्याने मांडायला वेळ नव्हता, जाहिरात जागची हलणार नव्हती. मथुराबाई सरळ पानाबाहेर बघायला लागल्या.

"काका, बाहेर बघतेय ती," चैताली म्हणाली.

"बघू दे," मी म्हणालो आणि पान सोडलं.

मथुराबाई शनिवारी सापडल्या. खडकवासल्याला, धरणासमोरच्या बसथांब्यावर. कशा? पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भैरूने टाकलेल्या फोटोवरून. आमचं पान तिथे कोणी बघितलंही नव्हतं. साईनाथने हे सांगितलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. अर्धा तास मशीन थांबवलं, घाम फुटेस्तोवर पळालो, आणि म्हातारीला शोधलं मोबाइलने. पण ती सापडली याचा आनंद झाला, तो खरा होता.

सोमवारी यादी लागली. त्यात चैतालीचं नाव होतं, माझं नव्हतं.

मॅडमनी बोलावून सांगितलं, "तो कागद कारण नाही, दत्तप्रसाद. वय हे कारण आहे."

"दोन्ही कारणं एका कॉलमात बसली असती," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या आणि मी बाहेर पडेपर्यंत उभ्याच होत्या.

महिनाअखेरीस शेवटचा दिवस झाला. चहा, सामोसे, शाल. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पेपर आला तो मी नेहमीसारखा चौथ्या पानापासून उघडला. माझीच बातमी होती. फोटो कामावरचा, स्क्रीनकडे बघतानाचा. कधी काढला होता कोण जाणे. त्यात मी डावीकडे बघत होतो.

आधी खिसा बघितला. पेन छातीच्या डाव्या बाजूलाच होतं, म्हणजे फोटो फिरवलेला नव्हता. मग आता मी पानाबाहेर बघत असणार.

पण मी आत बघत होतो. बातमी उजव्या कडेच्या कॉलमात होती. आणि उजवीकडची जाहिरात, जी माझ्या एकोणतीस वर्षांत कधी बोटभर हलली नाही, ती डावीकडे गेली होती. त्यासाठी चैतालीने जाहिरात विभागात कोणाकोणाची बोलणी खाल्ली असतील, ते मला चांगलंच ठाऊक होतं.

चष्मा पुसला. फोटोखाली मजकूर होता. किती ओळी आहेत ते मोजलं नाही. पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.