जावयाची बरणी

जावई माझ्या घरी राहतात ह्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. पण त्यांनी माझी लोणच्याची बरणी, माझ्या सासूच्या वेळची, दहा शेर कैरी मावते ती, उचलावी आणि तिच्यात बिअर लावावी, ह्याला काय म्हणायचं? विचारलं नाही असं नाही म्हणा. विचारलं. भिंतीवरच्या खुंटीला विचारलं.

आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. मध्ये मुलगी लागते. माझी शालन होती तोवर ठीक चाललं होतं. "शालन, त्यांना विचार, भाकरी आणखी हवी का?" ते तिलाच सांगणार, "नको म्हणावं." शालन हसायची, म्हणायची, मी काय पोस्टमन आहे? गेल्या साली विषमज्वरानं ती गेली आणि एका खोलीत आम्ही दोघं उरलो. मग मी चुलीशी बोलायला लागले आणि चंद्रकांतराव खुंटीशी.

खोली म्हणजे बेंगळुरातल्या बळेपेटेच्या मागच्या वठारातली, चाळच म्हणा. दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. तिच्यातच चूल, मोरी, माझी खाट आणि त्यांची वळकटी. त्यात ह्यांनी जव भिजवले. ओल्या फडक्यावर मोड आणले, उन्हात वाळवले, माझ्याच तव्यावर भाजले, माझ्याच जात्यावर भरडले. मग हंड्यात उकळून कारखान्यातल्या मुकादमांनी दिलेली कसली वाळकी कडू फुलं घातली. ते बिअरच्या कारखान्यात अकरा वर्षं पिंपं धुतात. खोलीभर असा आंबूस वास की शेजारच्या लक्ष्मीदेवी दारात येऊन विचारतात, "काय अक्का, एवढं दोशाचं पीठ कुणासाठी?" मी म्हटलं, "उद्यापन आहे." ह्या वयात मला खोटं बोलायला लावलं.

त्या संध्याकाळी मी ताट जरा आपटूनच वाढलं. तेव्हा ते म्हणाले, "खुंटे, आईंना सांग. मुकादम नरसिंगराव संक्रांतीला काम सोडून गावी जाणार. माझ्या हातची बिअर आवडली तर उत्तरेतल्या नव्या कारखान्याला ते चिठ्ठी देतील. तिथं पिंपं धुवायची नाहीत. बिअर करायची."

मी चुलीला म्हटलं, "विचार त्यांना, उत्तर म्हणजे किती लांब?"

"आगगाडीनं तीन दिवस."

मी लाकूड आत सारलं.

मार्गशीर्ष लागला. त्या दिवसांत आमच्या बेंगळुरात दोशाचं पीठ फुगता फुगत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. बरणीचं फडकं उचलून पाहिलं तर फेस खाली बसलेला. थंडीनं धरलं, मला वाटलं. बिघडली असती तर खापर माझ्या घरावर फुटलं असतं. म्हणून ते कामावर गेले की मी बरणी सरकवत चुलीजवळ आणायची आणि गोधडीत गुंडाळायची. शालनच्या लुगड्यांची गोधडी, तिच्याइतकी उबदार दुसरी नव्हती. ते यायच्या आत सगळं परत जागच्या जागी. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी ते दुपारीच आले. गोधडीतली बरणी बघून दारातच थांबले. मग खाली बसले, वाटीभर काढून चाखली आणि वाटी बाजूला ठेवली. रागावतील म्हणून मी कंबर कसून उभी. त्यांनी गोधडीवरून एकदा हात फिरवला, नीट घडी घातली.

"खुंटे, आईंना सांग, पिठाला ऊब लागते, हिला गारवा. आंबट झाली. मीच आधी सांगायला हवं होतं."

खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की आता जावई कुठं जात नाहीत. आणि त्याचा मला आनंद झाला. अकरा वर्षं पिंपं धुणाऱ्या माणसाचं नुकसान करून मला आनंद झाला. माझी मलाच लाज वाटली. मी चुलीकडं पाठ केली.

"चंद्रकांतराव, मी बिघडवली. भाजलेले जव किती उरलेत?"

ते इतके दचकले की खुंटी विसरले. "दोन शेर आहेत, आई."

"सरी, ठीक आहे. लावा परत."

ह्या खेपेला बरणी मी सांभाळली. चूल खोलीत पेटूच दिली नाही, पडवीत शेगडीवर भात केला. बरणीला ओलं गोणपाट, दर तासाला नळाचं पाणी. लक्ष्मीदेवी बरणीकडं बघून म्हणाल्या, "अक्का, पाहुण्याला ताप आलाय का?" मी म्हटलं, "हो, आणि तुम्ही बोलला की वाढतो."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नरसिंगराव आले. माझ्या खाटेवर बसले, पेला उजेडाकडं धरला, चाखली, डोळे मिटले. चंद्रकांतरावांच्या कपाळाला घाम. मग नरसिंगरावांनी पेला पुढं केला, "आणखी." आणि तिथंच मांडीवर कागद घेऊन चिठ्ठी लिहिली.

ते गेल्यावर चंद्रकांतरावांनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "झालं, आई. माझ्या हाताला हे येतं एवढंच बघायचं होतं. मी जात नाही. तुमचं पाणी कोण भरणार? तुम्हाला एकटं टाकून गेलो तर शालनला काय तोंड दाखवू?"

पेल्यात स्वल्प उरली होती. जन्मात केलं नाही ते केलं. पदराआड वळून घोटभर घेतली. कडू. पण मागून भाजक्या धान्याची गोडी येत होती, आणि ती जिभेवर राहिली.

"चंद्रकांतराव," मी म्हटलं, "चांगली झालीय. हिच्यात खोट काढणं मलाही जमायचं नाही. असा हात असलेला माणूस म्हातारीच्या घागरी भरत बसला, तर शालन तुम्हाला नाही, मला जाब विचारील. पाणी मी भरीन. तुम्ही जायचं. आणि दिवाळीला तीन दिवसांची गाडी धरून यायचं. मुलगी नाही म्हणून तुमचा पाट मी उचलून ठेवणार नाही."