हळद, ट्रेलर आणि कालची मांडणी

नवरदेवाची उष्टी हळद ट्रेलरच्या रांगेत अडकली होती, आणि ती सोडवू शकणारी एकमेव बाई मांडवात हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी थापून बसली होती. ती म्हणजे नवरी, प्राची.

न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात ट्रेलर सोडणारं सॉफ्टवेअर ती सांभाळायची. आज तिला सुट्टी, म्हणून तिचा सहकारी विनेश याने सकाळी त्या सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज चढवलं आणि साहेब नटूनथटून तिच्याच हळदीला निघाले. मागे ट्रेलर बाहेर सोडायचे फाटकावरचे पास छापायचे बंद! आता रस्ता तुंबलेला, रांगेत नवरदेवाची बहीण सुचिता वाटी धरून, आणि तिच्या मागच्या रिक्षात खुद्द विनेश, लॅपटॉप ऑफिसात ठेवून.

"घरचीच हळद लावू. मुहूर्त काय थांबतोय?" नीराबाई आत्या करवादली.

"न्हाय आत्या. शुभमला लावलेलीच पायजे." प्राचीने मेंदीचे हात वर धरूनच मान हलवली.

"मी दुसऱ्या यार्डाची सेटिंग लावली गं," फोनवर विनेश रडकुंडीला आलेला.

"म्हंजे झालं काय?" बाबांनी, बाळारामनी, विचारलं.

"बाबा, हेल्म म्हणजे सॉफ्टवेअर चढवणारा गडी, अन् त्याचं पॅकेज म्हणजे मांडववाल्याचा अख्खा संच. खांब, कापड, दिवे, एका हुकमात सगळं उभं. संच सगळ्यांना तोच, माप ज्याच्या त्याच्या अंगणाचं. यानं शेजाऱ्याचं माप आपल्या अंगणात लावलं."

"मंग आता सगळा उपटायचा?"

"न्हाय! हेल्म आधीची मांडणी लक्षात ठेवतो. कालची परत उभी करायची. माझा लॅपटॉप आणा, मी सांगते ती अक्षरं दाबा."

बाबा एका बोटाने, बियाणं टोकावं तसे, अक्षरं दाबत गेले. 'हेल्म रोलबॅक' आणि पुढे यार्डाचं नाव. शेवटचं बटण दाबताना त्यांनी डोळेच मिटले.

थोड्या वेळाने फोनवर हॉर्नचा कल्लोळ उठला. "पास निघाला!" फाटकापर्यंत पळत गेलेला विनेश ओरडला.

मुहूर्त टळायला आला तेव्हा मांडवासमोर एक ट्रेलर करकचून थांबला. फाटकापर्यंत चालत जाऊन, बाहेर पडलेल्या पहिल्याच गाडीला हात केलेली सुचिता केबिनमधून उतरली. वाटी शाबूत होती. मागून विनेश, मान खाली घालून.

आत्याने प्राचीच्या गालाला पहिलं बोट लावलं. प्राची हसता हसता रडली. मग आत्याने मूठभर हळद घेतली आणि विनेशकडे वळली.