एकाच फोनचा न्याय

महाडच्या त्या सभागृहात न्याय मेजावर ठेवला होता. न्याय म्हणजे आयोजक मंडळाचा नवाकोरा फोन. ॲप बनवण्याच्या स्पर्धेत पाच मुलं उतरली होती आणि नियम सातवा सांगत होता, की सगळ्यांची ॲप याच एका फोनवर तपासली जातील. नियम परीक्षक सयाजीसरांनीच लिहिलेला, त्यामुळे दर दहा मिनिटांनी ते तो वाचून दाखवत. "कुणावर अन्याय व्हायला नको," असं म्हणून फोन रुमालाने पुसत.

समीक्षाचा नंबर पाचवा. ती पोलादपूरकडची, उमरठच्या वरच्या वाडीतली. वाडीत गाडी येत नाही. कुणी आजारी पडलं की डोलीत घालून खाली न्यायचं, आणि डोलीला चार गडी लागतात. निम्मी वाडी मुंबईला. चौथा गडी शोधेपर्यंत आजारी माणूस एक तर बरा होतो, नाहीतर जातो. म्हणून पोरीने ॲप केलं. वाडीत असलेल्याने सकाळी 'हाय', म्हणजे 'आहे', दाबायचं. गरज पडली की कुणीही लाल बटण दाबायचं, की 'हाय'वाल्या सगळ्यांचे फोन बोंबलतात, आवाज बंद ठेवला असला तरी. पहिलं बक्षीस होतं लॅपटॉप. तो तिला हवाच होता. सगळं काम तिने चुलतभावाच्या, रितेशच्या लॅपटॉपवर केलेलं आणि तो सोमवारी मुंबईला निघणार होता. पुढे ॲप बिघडलं तर ते नीट करायचं कशावर, पाटीवर?

पहिली तीन ॲप झकास चालली. तिसरं नाते गावच्या भरतचं. भाताच्या पानाचा फोटो काढला की रोग ओळखणारं. सरांनी त्याला नव्वद गुण दिले.

मग चहा आला, भजी आली आणि फोनवर सूचना आली, की नवीन अपडेट तयार आहे. सूचना आली की पाळायची, अशी सरांची तीस वर्षांची नोकरी. त्यांनी भज्याच्या तेलकट बोटानेच 'होय' दाबलं. चहा संपेपर्यंत फोन बंद होऊन चालू झाला. सर खूश. "आता एकदम ताजा!"

चौथ्या मुलाचं ॲप उघडलंच नाही. पोरगा रडत घरी गेला. मग समीक्षाने मंडळाच्या फोनवर 'हाय' दाबलं आणि स्वतःच्या फोनवर, वाडीत घाबरगुंडी नको म्हणून फक्त त्या एका फोनपुरतं, लाल बटण दाबलं. मंडळाचा फोन मेजावर गप्प. पुन्हा दाबलं. ढिम्म. तिने तो उचलून सेटिंग पाहिली.

"सर, नव्या अपडेटमध्ये परवानगी न घेता आवाज करायला बंदी केलीय. तुम्ही मध्येच फोन बदललात."

"फोन कुठे बदलला? तोच आहे." सरांनी फोन उलटा करून त्याच्या पाठीवरचं मंडळाचं लेबल दाखवलं. "नियम सात."

"मग आधीच्या तिघांनाही आता तपासा."

"निकाल लागलेल्यांना पुन्हा तपासणं हा त्यांच्यावर अन्याय."

मागच्या रांगेत समीक्षाची काकू ठमाबाई बसली होती. सोबत वाडीतले चार गडी, पोरीचं कौतुक बघायला आलेले. ठमाबाई बसूनच म्हणाली, "मापटं त्येच हाय ओ सर, पन मधीच त्याचा तळ काढलात. आता म्हनता भात कुटं गेला?"

लोक हसले. सरांनी मात्र गुणपत्रिकेवर लिहिलं, 'ॲप वाजत नाही. शून्य.' खाली सही ठोकली आणि कागद समीक्षाच्या हातात दिला. तिला इतका संताप आला की कान तापले.

भरत पहिला आला. लॅपटॉप त्याच्या हातात पडला, हार झाले. मग पाहुण्यांच्या हस्ते विजेत्या ॲपचा शुभारंभ, अर्थात मंडळाच्याच फोनवर. पाहुण्यांनी भाताचं पान धरलं, बटण दाबलं. कॅमेरा उघडेना. भरतचा चेहरा पडला. पाहुणे पान धरून उभेच.

"नेटवर्क नाही," सर माइकवरून म्हणाले. "आपल्याकडे नेटवर्कची बोंब आहे. टाळ्या!"

टाळ्या झाल्यासुद्धा. निकाल लागला होता ना.

"नेटवर्क नाय कसं?" असं म्हणून ठमाबाईने कनवटीचा फोन काढला. मुंबईच्या लेकाने वापरून टाकलेला, काच तडकलेला. त्याला अपडेट विचारायलासुद्धा येत नाही. वाडीतले सगळे फोन असलेच. तिने लाल बटण दाबलं.

चार खिशांतून एकदम असा कल्लोळ उठला, की पाहुण्यांच्या हातातलं पान गळून पडलं. सवयीने चारही गडी ताडकन उभे राहिले. त्यातला चांगू ओरडला, "कोन पडलं रे?"

ठमाबाईने मंचाकडे हात केला. "त्ये बगा, सर पडलेत."

सभागृह हसून लोटपोट. सर लालेलाल झाले. त्यांनी समीक्षाची प्रवेशिका तिथल्या तिथे बाद केली, सहभागाचं प्रमाणपत्रसुद्धा नाही म्हणाले.

"कारण लिहून द्या," समीक्षा म्हणाली. ती मेजासमोरून हलली नाही. सरांनी रागारागात खरडून दिलं.

लॅपटॉप भरतच्या बापाच्या काखेतून नाते गावाला गेला. तो जाताना बघून समीक्षाला रडू फुटलं. पायरीवर ठमाबाई तिच्या शेजारी बसली.

"काय लिवलंय गो त्यात?"

समीक्षाने डोळे पुसले, दोन्ही कागद मांडीवर ठेवले. "यात लिहिलंय, वाजत नाही म्हणून शून्य. आणि यात लिहिलंय, फार मोठ्याने वाजलं म्हणून बाद."

"आन सही कुनाची?"

"दोन्हीवर सरांचीच."