अंगणाचा नियम

सगुणबुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि दरवर्षीचा दृष्टांत घेतला.

"बंद खाणीत ट्रक सोडा. गंजतो. गंजाचा ट्रक झालेला कोणी पाहिलाय? शास्त्रच म्हणतं, सोडून दिलेलं विस्कटत जातं. मग मातीतून जीव, जिवातून माणूस, आपोआप कसा हो?"

गोव्यातल्या लाटंबार्शाच्या देवळात माना डोलल्या. इथून गजर घ्यायचा, हे पेटीवर बसलेल्या त्यांच्या बायकोला, विनोदिनीला, पाठ होतं. तिनं सूर दिला. बुवांनी गजर न घेता चिपळ्या खाली ठेवल्या.

तीन वर्षांमागं याच दृष्टांताला त्यांची मुलगी सिद्धी बायकांमधून बोलली होती. म्हापशाला ती विज्ञान शिकवायची.

"बाबा, बंद खोलीचा नियम तुम्ही अंगणाला लावता. आपल्याकडे वरून ऊन येतं ना."

"ऊन ट्रकावरपण पडतं गो बाय."

देऊळ हसलं होतं. ती पुढं काही सांगू लागली, तर बुवांनी त्यावर गजर चढवला. त्यानंतर सिद्धी कीर्तनाला आली नाही. गेल्या साली दुखण्यात ती गेली. तिच्या वर्षश्राद्धानंतर बुवा आज पहिल्यांदा उभे राहिले होते.

"लेकीचं उत्तर मी ऐकून घेतलं नाही," ते म्हणाले. "कोणाला ठाऊक असेल तर सांगा."

खांबाजवळून प्राजक्ता उठली. अकरावीला सिद्धी तिला शिकवायची.

"बाई म्हणायच्या, ट्रकाला पिल्लं होत नाहीत." कोणीतरी खाकरलं. ती थांबली नाही. "जिवाला होतात. थोडी थोडी वेगळी. त्यातली तगतात ती पुढं जातात. उन्हाच्या जोरावर जीव स्वतःला सावरतो, आणि ऊब बाहेर टाकतो. आपण घर झाडतो, केर बाहेर जातो, तसं. एकूण पसारा वाढतोच. नियम मोडत नाही, बुवा."

कीर्तन संपेस्तोवर हरिदासानं नारदाची गादी सोडायची नसते. बुवा गादीवरून उतरले आणि प्राजक्तासमोर, श्रोत्यांच्या चटईवर मांडी घालून बसले.

"आणि सावरलेला जीव गो? तो विस्कटला, की त्याचं काय?"

प्राजक्तानं विनोदिनीकडे पाहिलं, मग खाली.

"ते पुढच्या तासाला सांगणार होत्या."

"मग?" बुवांनी विचारलं.

"त्या तासाला बाई आल्या नाहीत."