खळ लावलेलं पहिलं पान

मित्रांनो, मला नुसतं वाचून उपयोग नाही, मला खेळावं लागतं. गोष्ट खेळायच्या नियमांचं मी एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि संकट आलं की फासा टाकून पुढचं ठरवायचं. परदेशी शिकून आलेल्या एका इंजिनिअरने १९९४ साली बदलीवर जाताना मला वालचंदनगरच्या एका छोट्या वाचनालयाला दिलं.

ते वाचनालय सांभाळणाऱ्या म्हस्कूतात्यांचा पुस्तकांवर भारी जीव. नवं पुस्तक आलं की ते खळ शिजवायचे, जाड पुठ्ठा घालायचे आणि पुस्तकाचं पहिलं पान त्या पुठ्ठ्याला घट्ट चिकटवून टाकायचे. अशाने पुस्तक वीस वर्षं टिकतं, असं ते म्हणत. माझंही त्यांनी तेच केलं. माझ्या लेखकाला जे सगळ्यांत आधी सांगायचं होतं, ते नेमकं त्याच पानावर होतं. त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. वर कपाटाला कुलूप. तिथेच बसून वाचायचं, पेन काढायचा नाही.

दोन वर्षं अंजली आणि तिच्या मैत्रिणी दर रविवारी माझ्यातला खेळ खेळल्या. मग तिचे वडील, कारखान्यातले फिटर साहेबराव, निवृत्त झाले. क्वार्टर सोडून सोमवारी आपल्या गावी, निरवांगीला जायचं ठरलं.

"तात्या, नियम उतरवून घिऊ द्या. तिकडं कुणाला ह्यो खेळ ठाव न्हाय."

"न्हाय. दुसऱ्याचं पुस्तक उतरवणं म्हंजी चोरी. साहेबरावाची लेक चोरी करनार व्हय?"

"मग तिकडं काय खेळू? सूरपारंब्या?"

"खेळ की. झाडावरनं पडू नकोस म्हंजी झालं."

लपून लिहिणं अवघड नव्हतं, पण तात्यांना फसवायचं तिच्या मनात येईना. शेवटच्या शनिवारी ती नियम पाठ करत बसली. पंचवीस तक्ते होते, तिसऱ्यातच ती चुकायला लागली. डोळे भरून आले तिचे. अगं, घेऊन जा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण पुठ्ठ्यातून आवाज कुठला फुटायला!

चुकलेलं शोधायला तिने अनुक्रमणिका काढली आणि थांबली.

"तात्या, हितं लिवलंय, पान एक, परवानगी. पुस्तक तर तीनपासनं सुरू हुतंय. एक कुठं गेलं?"

"नसंल छापलं."

"तुमीच चिकटवलंय."

तात्यांनी पुठ्ठ्याची कड चाचपली. सोडवायला जावं तर पान फाटायची भीती. शेवटी त्यांनी ओलं फडकं दाबून धरलं आणि पट्टीने कडेकडेने मला सोडवलं. एक कोपरा पुठ्ठ्यालाच राहिला. अंजलीने अडखळत वाचून अर्थ सांगितला. हे नियम कुणीही उतरवा, बदला, आपल्या भाषेत न्या, वाटा. मला विचारू नका. फक्त माझं नाव ठेवा आणि घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या.

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यो बिचारा घ्या म्हणतोय, आन् म्या त्याच्या तोंडाला खळ लावली."

मग त्यांनी आपलाच पेन पुढे केला. "लिव्ह. आन् गोष्टीत एक म्हातारा घाल. लांडग्याला भिणारा."

"तुमच्यावानी?"

"माझ्यापरीस जरा देखणा."

रविवारी संध्याकाळपर्यंत अंजलीची शंभर पानी वही भरली. किल्ल्याच्या जागी उसाचा फड आला, राक्षसाच्या जागी माळावरचा लांडगा. सुरुवातीला लेखकाचं नाव, त्याखाली तिचं, आणि त्याखाली पुढच्यांच्या नावांसाठी रिकाम्या ओळी.

वही निरवांगीला गेली. मी कपाटातच आहे. तात्या वारले, वाचनालय बंद पडलं, किल्ली कुणाकडे आहे कुणास ठाऊक. वहीवरून वही होत ते नियम पलीकडच्या कळंबला पोहोचले असतील, तिथल्या मुलींनी लांडगा काढून दुसरंच काही घातलं असेल, असं मनाशी म्हणत दिवस काढताहेत माझी ही पिवळी पानं.

मित्रांनो, पुस्तकांना पुठ्ठे जरूर घाला. पण त्याआधी पुस्तक काय म्हणतंय ते वाचा. त्याने घेऊन जा म्हटलं असेल, तर खुशाल न्या. कुलपाआड सुखरूप राहण्यात फार एकटं वाटतं.