दसऱ्याचे तेल

पियानोच्या पट्ट्या पंच्याऐंशी. त्यांतल्या वाजणाऱ्या एकाहत्तर, दाबल्या की खालीच अडकणाऱ्या नऊ, मुक्या पाच. तारा दोनशे बारा, तुटलेल्या चार. उंदराचे घरटे नाही. वाळवी नाही.

"वारवी कशी लागन?" शालीकरामकाका म्हणाले. "रोज सकाळी पुसतो ना मी. चहा झाला का हेच काम."

आमगावच्या एका राईस मिलमध्ये ते अडतीस वर्षे फिटर होते. त्यांचे वडील गोंदियाला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी. साहेब विलायतेला परतताना हा पियानो त्यांना देऊन गेला आणि बैलबंडीवर लादून तो आमगावला आला. घरात तो कोणालाच वाजवता येत नव्हता.

सोमवारी काका मुलाकडे, टिकेशकडे, रायपूरला कायमचे जाणार होते. टिकेशच्या दोन खोल्यांत पियानोला जागा नव्हती. मी नागपूरच्या ज्या संगीत शाळेसाठी जुनी वाद्ये तपासते, ती हा घ्यायला तयार होती. अट एकच: तार जुळवल्यावर तासाभरात तिचा सूर सेकंदाला दोनपेक्षा जास्त कंपने उतरता कामा नये. उतरली, तर पियानो भंगारात जाणार.

शेजारचे दुधराम कुंपणावरून डोकावले. "काय शालीकराम, डॉक्टरीन काय म्हनते? पेशंट जित्ता हाय का?"

"तुह्यापेक्षा जित्ता हाय."

"नाही वाचला तं झाकन मले देजो. कोंबड्याईले खुराडा करतो."

"जाय बे!"

मी पुढची फळी काढली. तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या एवढ्या जुन्या पियानोत गंजून तपकिरी व्हायला हव्यात. या लखलखत होत्या. लोखंडी चौकटीवर हळदीकुंकवाची पाच बोटे उमटली होती, एक सुकलेला झेंडू होता. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. प्रत्येक खुंटीभोवतीचे लाकूड काळपट दिसत होते. मी बोट लावून वास घेतला.

"काकाजी, तेल कोणी टाकलं?"

"मीच. दसऱ्याले मिलमध्ये मशीनीची पूजा होये. तिकडचं तेलपानी झालं का घरी येऊन याचं. एका खुंटीले एक थेंब." त्यांनी बोट दाखवले. "चारीस वर्सं झाले. एकीले तरी जंग हाय का? पाय."

मी सांगितले: तार खुंटीला सतत ओढत असते. खुंटी जागेवर राहते ती कोरड्या लाकडाच्या घर्षणाने. लाकूड तेल प्यायले, की...

"सरकते," त्यांनीच वाक्य पुरे केले. फिटर होते ते.

ते स्टुलावर बसले. बराच वेळ आपल्या बोटांची टोके एकमेकांवर घासत राहिले.

"मले काऊन नाही सांगतलं कोनी?"

मी हत्यारांची पिशवी आवरू लागले. "चाचणी राहू द्या, काकाजी. मी तसंच लिहिते."

"कायले? मापल्याबिगर मशीनीले फेल म्हनते का कोनी? घे माप."

अशा वेळी मी मधला ठरलेला सूर घेते. काकांनी त्याच्या शेजारच्या पट्टीवर बोट ठेवले. "ही घे." तिची चकाकी गेली होती, मध्ये उथळ खळगा पडला होता.

"सयपाक झाला का सुशीला हे दाबे. मी मांगं भाजीच्या बाडीत राहो. नवऱ्याचं नाव कसं घेनार? तं हे दाबे, मी हात धुऊन येवो. शेजारी हासत. दुधराम तं म्हने, तुही बायको तुले भोंगा वाजवून बलावते."

"आता?"

"आता पुसतोच फक्त. साहा वर्सं झाले तिले जाऊन."

त्या सुराच्या तीन तारांपैकी दोन मी जाड लोकरी फितीने दाबून धरल्या आणि तिसरी चढवली. खुंटी फिरवायला मनगटाचा जोर लागतो. ही दोन बोटांत फिरली. कंपने मोजणाऱ्या मीटरवर चारशे चौऱ्याण्णव आले. वेळ अकरा चाळीस. मी पट्टी दाबली. काकांनी मान वाकडी करून ऐकले.

"साजरी वाजली. पन हे तिची नोहे. तिची खाली होती."

तासभर थांबायचे होते. ते चुलीपाशी गेले आणि तांदळाचा डबा घेऊन परत दारात आले. "पोरी, दोघाले किती टाकू? अंदाज गेला माहा."

मी वाटीने माप दाखवले. आम्ही भात आणि लाखोळीच्या डाळीचे वरण खाल्ले. रायपूरच्या घराला अंगण नाही, असे ते म्हणाले. सून चांगली आहे, असेही म्हणाले. मग हात धुऊन, पंचाने बोटे कोरडी पुसून ते पियानोपाशी उभे राहिले.

"उतरली अशीन, तं उतरली म्हनून लिव. एक आकडा कमी-जास्त करू नोको."

मी मीटर सुरू केला. पट्टी त्यांनीच दाबली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत बोट उचलले नाही.

मी वहीत लिहिले. बारा चाळीस: चारशे ब्याऐंशी. बारा कंपने खाली.